बिंदू एकच, सप्तके दोन : जुन्या छापील स्वरलिपी कशा वाचाव्यात?

१/ एकच बंदिश दोन जुन्या पुस्तकांत दोन प्रकारे छापलेली आढळली, तर त्यांतील खरी कोणती मानावी? प्रश्न गायकाचा वाटतो, परंतु तो इतिहासाच्या अभ्यासकाचाही आहे. कागदावरचा प्रत्येक फरक गळ्यातला असतोच असे नाही.

२/ प्रथम युरोपातील उदाहरण. १८३९ मध्ये शोपँची पियानोसाठीची २४ प्रिल्यूड्स पॅरिस, लाइपझिग आणि लंडन येथून प्रसिद्ध झाली. विसाव्या रचनेच्या तिसऱ्या ओळखंडाच्या शेवटी एक स्वर वादग्रस्त ठरला. आपल्या परिभाषेत सांगायचे, तर गंधार शुद्ध की कोमल? छापील प्रतीत कोमलचे चिन्ह नव्हते. एका शिष्येच्या प्रतीत शोपँने ते स्वहस्ते घातले. आजही दोन्ही पाठ वाजवले जातात.

३/ आपल्याकडील गुंता याहून मूलभूत आहे. तिथे निदान चिन्हांचा अर्थ सर्वांना समान होता. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात मात्र दोन भिन्न स्वरलिपी एकाच वेळी छापल्या जात होत्या.

४/ पहिली पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांची. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले, १९०८ मध्ये ते मुंबईस आले. वर्गातील अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी शिकवायचे, तर क्रमिक पुस्तके हवीत. त्यांसाठी त्यांनी स्वतःचा छापखाना चालवला.

५/ दुसरी पं. विष्णु नारायण भातखंडे यांची. पेशाने वकील असलेल्या भातखंड्यांनी रामपूर, जयपूर आदी ठिकाणच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्या मराठीतून ग्रथित केल्या. पुढे हाथरसहून त्यांची हिंदी आवृत्ती निघाली.

६/ आता चिन्हे पाहा.
• स्वरावर बिंदू : भातखंडे पद्धतीत तार सप्तक, पलुसकर पद्धतीत मंद्र.
• स्वरावर उभी रेघ : भातखंड्यांकडे तीव्र मध्यम, पलुसकरांकडे तार सप्तक.
• शून्य : भातखंड्यांकडे तालाची खाली, पलुसकरांकडे स्वराखाली आल्यास अर्धी मात्रा.
• सम : भातखंड्यांकडे ×, पलुसकरांकडे १. पलुसकरांचे + हे चिन्ह खालीचे.

७/ परिणाम लक्षात घ्या. पलुसकरांच्या पुस्तकातील बिंदू असलेला निषाद षड्जाच्या खालचा. भातखंडे पद्धतीच्या सवयीने वाचणारा तोच निषाद थेट तार सप्तकात नेऊन ठेवील आणि त्याला ‘घराण्याचा वेगळा पाठ’ समजेल. प्रत्यक्षात वेगळी असते ती केवळ खूण. अशा वाचनातून न घडलेला इतिहास जन्माला येतो.

८/ दोन्ही पद्धतींचे हेतूही निराळे. पलुसकरांनी प्रत्येक स्वराच्या कालमानाला स्वतंत्र चिन्ह दिले. शिस्तबद्ध वर्गाला ते उपयोगी. भातखंड्यांनी तालाचे विभाग पाडून बंदिशीचा सांगाडा सुटसुटीत मांडला. संग्रह आणि तुलना यांना ते सोयीचे. पुढे हीच सोपी लिपी अधिक रूढ झाली. तरीही विनायकराव पटवर्धनांचे ‘रागविज्ञान’ पलुसकरांच्याच परंपरेत राहिले.

९/ म्हणून तुलनेचा क्रम असा असावा : आधी पुस्तकाची स्वरलिपी ओळखावी, मग दोन्ही पाठ एकाच लिपीत उतरवावेत, आणि त्यानंतर जे फरक उरतील त्यांवरच भाष्य करावे. मींड, आंदोलन, कण यांतले बरेचसे कागदावर येतच नाही, हेही स्मरणात असावे.

१०/ हे आमच्या मुर्रीत बसून लिहिण्याचे कारण असे, की ही पुस्तके केवळ मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत नाहीत. हार्मोनियमच्या पेटीत, भजनी मंडळाच्या कपाटात, निवृत्त संगीतशिक्षकांच्या घरीही ती सापडू शकतात. चिन्हांचा तक्ता बहुधा आरंभीच्या पानांत असतो आणि जुन्या पुस्तकाची तीच पाने आधी गळतात. झेरॉक्समध्ये तर बिंदूही पुसट होतो. आपल्याकडे अशी प्रत असेल, तर रद्दीत देण्यापूर्वी निदान त्या पानांची स्वच्छ छायाचित्रे घेऊन ठेवावीत. तक्ता हरवला, की उरलेले पुस्तक चुकीचे वाचले जाते.