शेत स्वस्थ बसत नाही

बीज पुरुषाचं आणि स्त्री म्हणजे नुसतं क्षेत्र, हे मनुस्मृतीत आहे. ॲरिस्टॉटलही फारसं वेगळं बोलला नाही. मी हे वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. त्याला उत्तर गाईच्या पोटात मिळेल असं काही वाटलं नव्हतं.

१९५१ साली चँग आणि ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की मादीच्या शरीरात काही तास काढल्याशिवाय शुक्राणू फलनक्षम होतच नाहीत. पुढे कॉर्नेल विद्यापीठात सुझान सुआरेझ यांनी गाईत पाहिलं: बीजनलिकेच्या अरुंद भागात शुक्राणू आतल्या पेशींवरच्या साखरेला चिकटून थांबतात. (माळेगावात साखर म्हटलं की कारखानाच आठवणार! ही वेगळी, फ्यूकोज नावाची.) चिकटलेले जास्त जगतात, आणि बीज सुटायच्या सुमाराला मोकळे होतात.

सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवायची, हा नियम अमेरिकेत ट्रिम्बर्गरने १९४८ साली मांडला, तेव्हा आतलं हे थांबणं कुणाला ठाऊक नव्हतं. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरळीकांचनला बाएफ काढली, कृत्रिम रेतन दारात आलं. पण गोठवलेले शुक्राणू ताज्यांइतके टिकत नाहीत. वेळ चुकली की २१ दिवस गेले, खुराक चालूच. आणि गोठ्यात बोल कुणाला? गाईलाच.