डिओडँड : जीव घेणाऱ्या वस्तूची किंमत

१/
२४ डिसेंबर १८४१. नाताळचा आदला दिवस. लंडनहून ब्रिस्टलकडे निघालेली ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक मालगाडी पहाटेच्या अंधारात रेडिंगजवळच्या सॉनिंग येथील खोल खिंडीत शिरली. पावसाने खचलेली दरड रुळांवर आली होती. इंजिन तिच्यावर आदळले.

२/
या गाडीला तिसऱ्या वर्गाचे उघडे डबेही जोडलेले होते, तेही इंजिन आणि मालाच्या जड वाघिणी यांच्यामध्ये. इंजिन थांबताच मागचा सारा भार त्या डब्यांवर आला. आठ प्रवासी जागीच ठार झाले. एकाने पुढे रुग्णालयात प्राण सोडला. प्रवाशांत लंडनच्या नव्या संसदभवनावर काम करणारे अनेक पाथरवट होते. सणासाठी ते घरी निघाले होते.

३/
चौकशीसाठी बसलेल्या ज्यूरीने हे मृत्यू अपघाती ठरवले. मात्र इंजिन आणि डबे यांच्यावर तिने १,००० पौंडांचा 'डिओडँड' लावला. आज इंग्रजी भाषकांनाही अनोळखी झालेला हा शब्द आहे तरी काय?

४/
त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे : 'देओ दांदुम', म्हणजे 'देवाला द्यावयाचे'. लॅटिन 'देउस' आणि संस्कृत 'देव' ही एकाच भाषाकुळातील भावंडे. लॅटिन 'दारे' आणि संस्कृत 'दा' धातू यांचेही नाते तेच. म्हणूनच 'डिओडँड' मराठी कानाला 'देवदान' या शब्दाचा दूरचा भाऊ वाटतो.

५/
मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एखाद्या वस्तूमुळे किंवा जनावरामुळे माणूस दगावला, तर ती वस्तू, ते जनावर किंवा त्याची किंमत राजाकडे जमा होई. राजाने ती धर्मकार्यासाठी खर्च करावी, अशी कल्पना होती. कालांतराने धर्मकार्य मागे पडले आणि महसूल तेवढा उरला. राजे हा हक्क आपल्या सरदारांनाही बहाल करीत.

६/
यातील तर्क मोठा सूक्ष्म होता. उभ्या गाडीच्या चाकावरून पडून कोणी मेला, तर केवळ ते चाक जप्त होई. गाडी चालती असेल, तर चाके, गाडी आणि घोडे सारेच जात. खुनाच्या आरोपपत्रातही हत्याराची किंमत नोंदवली जाई.

७/
वस्तूची किंमत अशी काटेकोरपणे ठरे. मृताच्या कुटुंबाचे काय? १८०८ च्या 'बेकर विरुद्ध बोल्टन' खटल्यात घोडागाडीच्या अपघातात पत्नी गमावलेला पती न्यायालयात आला. तिच्या मृत्यूपर्यंतच्या काळापुरती भरपाई त्याला मिळाली. माणसाच्या मृत्यूबद्दल मात्र दिवाणी दावा लावता येत नाही, असे लॉर्ड एलनबरो यांनी सांगितले. जखमी माणूस भरपाई मागू शके; मेलेल्याची विधवा मागू शकत नसे.

८/
मग रेल्वे आली. बेदरकार कंपन्यांना शिक्षा करण्याचे दुसरे साधन हाती नसल्याने ज्यूरींनी हे जुने शस्त्र पुन्हा उपसले. 'देवाचा वाटा' आता दंड बनला. कंपन्या वरच्या न्यायालयात जात आणि असे दंड तांत्रिक मुद्द्यांवर रद्द होत. वसूल झाले, तरी त्या रकमेवर मृताच्या मुलाबाळांचा हक्क नव्हताच.

९/
१८४६ मध्ये लॉर्ड कॅम्बेल यांच्या पुढाकाराने संसदेने दोन कायदे केले. एकाने डिओडँड कायमचा रद्द केला. दुसऱ्याने, इतरांच्या चुकीमुळे माणूस दगावल्यास त्याच्या पती वा पत्नीसाठी, आईवडिलांसाठी आणि मुलांसाठी भरपाई मागण्याचा मार्ग उघडला.

१०/
१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली. दोनच वर्षांनी, १८५५ च्या तेराव्या अधिनियमाने, घातक अपघातांतील मृतांच्या कुटुंबीयांचा हाच हक्क कंपनी सरकारने हिंदुस्थानातही लागू केला. डिओडँड हा शब्द मात्र या भूमीवर कधी रुजला नाही.

११/
शब्द केवळ वापरातून जातात असे नाही. काही शब्दांखालचा प्रश्नच बदलतो. 'जीव घेणाऱ्या वस्तूचे मोल किती?' असे विचारणारा कायदा 'मागे कोण उरले?' असे विचारू लागला, तेव्हा डिओडँड हा शब्द शब्दकोशापुरता उरला.