वज्रचिन्ह आणि सावित्रीबाई खानोलकर

मराठी घरातील देवघरात कुलदैवतांचे टाक असतात. तळहाताच्या मध्यभागी सहज मावेल एवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठविलेली खंडोबाची किंवा भवानीची मूर्ती, आणि त्या मूर्तीच्या हातातील आयुध. सातपुड्याच्या कुशीतील पांढुर्णा-सौंसर भागातील वाचकांनाही हे टाक परके नाहीत. एवढ्याशा धातूत एक संपूर्ण दैवतकथा सामावते, कारण घडविणाऱ्याने काय ठेवावे आणि काय गाळावे याचा विचार आधीच केलेला असतो. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च युद्धकालीन शौर्यपदकाची रचना करणाऱ्या विदुषीपुढेही नेमका हाच प्रश्न उभा होता. त्या विदुषीचे नाव सावित्रीबाई खानोलकर.

सावित्रीबाईंचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. माहेरचे नाव इव्ह इव्होन मादे दे मारोस. पिता हंगेरियन, समाजशास्त्राचे प्राध्यापक, माता रशियन. भारताविषयीची ओढ त्यांना वाचनातून लागली होती. सँडहर्स्ट येथे सैनिकी शिक्षण घेत असलेले विक्रम खानोलकर हे मराठी तरुण सुट्टीत युरोपात हिंडत असता दोघांचा परिचय झाला. कन्येने इतक्या दूर देशी जावे हे पित्यास रुचले नाही. तरीही ती आली. १९३२ साली विवाह झाला आणि इव्होनची सावित्री झाली.

नाव बदलणे सोपे असते. सासरची भाषा, आहार, वेष आणि श्रद्धा आपल्याशा करणे हे त्याहून कितीतरी कठीण. सावित्रीबाईंनी मराठी, हिंदी व संस्कृत यांचा अभ्यास केला, पुराणे वाचली, भारतीय संगीत, नृत्य व चित्रकला यांत लक्ष घातले. त्यांना कोणी परदेशी म्हटलेले आवडत नसे. आपण चुकून युरोपात जन्मलेला भारतीय आत्मा आहोत, असे त्या सांगत. हे उद्गार भावनेच्या भरातील म्हणून सोडून देता आले असते. परंतु पुढे त्यांच्या हातून जे कार्य झाले, ते केवळ भावनेवर होण्यासारखे नव्हते.

१९४७ साली स्वातंत्र्य आले आणि त्याच वर्षी काश्मीरचे युद्ध पेटले. इंग्रजी अमदानीतील पदके आता चालणार नव्हती. मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे नव्या शौर्यपदकांची सिद्धता करण्याचे काम होते. त्यांनी पदकांच्या रचनेसाठी सावित्रीबाईंना पाचारण केले. सेनाधिकाऱ्याच्या पत्नी म्हणून त्या परिचयाच्या होत्याच. पण निवडीचे खरे कारण त्यांचा पुराणांचा व्यासंग हे होय.

इंग्रजी राजवटीत संस्थानिकांना व उच्चपदस्थांना दिले जाणारे तारे सोन्याचे, रत्नजडित, मीनाकामाने रंगविलेले असत. व्हिक्टोरिया क्रॉस मात्र साध्या काशाचा. युद्धातील सर्वोच्च सन्मान धातूच्या मोलावर अवलंबून नसतो, हे तत्त्व नव्या पदकातही राहिले. परमवीर चक्र काशाचेच आहे. त्यावर मीना नाही, खडा नाही. व्यास सुमारे ३५ मिलिमीटर. एवढ्या वर्तुळात, रंगाचे साहाय्य न घेता, निव्वळ उठावातून आशय प्रकट करावयाचा होता.

सावित्रीबाईंनी दधीचीची कथा निवडली. वृत्रासुराने देवांना जेरीस आणले तेव्हा त्याच्या नाशासाठी दधीची ऋषींच्या अस्थींचे शस्त्र हवे होते. इंद्र याचक होऊन गेला आणि ऋषींनी देह ठेवला. त्या अस्थींतून विश्वकर्म्याने वज्र घडविले, असे भागवताच्या सहाव्या स्कंधात सांगितले आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शौर्याचे चिन्ह म्हणून सिंह, खड्ग, धनुष्य असे कितीतरी पर्याय समोर होते. ती सर्व प्रहाराची चिन्हे. वज्रात प्रहार आहे, परंतु त्याच्या आधी दान आहे, आणि दान करणारा योद्धाही नव्हे. सैनिकाचे मरण या दृष्टीने पाहणे हा सावित्रीबाईंच्या चिंतनाचा भाग आहे, आणि तो त्यांच्या रेखनकौशल्याहून मोठा मानावा लागेल.

पदकाच्या मध्यभागी राजमुद्रा, तिच्या सभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. मागील बाजूस हिंदी व इंग्रजी अक्षरांत पदकाचे नाव आणि त्यांच्यामध्ये दोन कमळे. फीत साधी, जांभळी. वज्राबरोबर शिवछत्रपतींची भवानी तलवारही या रचनेत आहे, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. मराठी मनास ते सुखावणारे खरे; पदकाच्या अधिकृत वर्णनात मात्र वज्राचाच उल्लेख आहे.

महावीर चक्र व वीर चक्र या चांदीच्या पंचकोनी ताऱ्यांची, तसेच अशोक चक्र मालिकेतील पदकांची रचनाही सावित्रीबाईंचीच. परमवीर, महावीर व वीर ही तीन चक्रे २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानली गेली. त्यामुळे काश्मीर युद्धातील वीरांचा गौरव करता आला. कारवारकडील सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना परमवीर चक्र जिवंतपणी मिळाले. पहिले परमवीर मात्र मेजर सोमनाथ शर्मा. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामच्या लढाईत त्यांनी देह ठेवला होता. हे सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंच्या थोरल्या कन्येचे दीर. वज्राची आकृती कागदावर उतरली आणि ती पहिल्याने आली ती लेकीच्या सासरी, पुत्र गमावलेल्या घरात.

१९५२ साली मेजर जनरल विक्रम खानोलकर निवर्तले. त्यानंतर सावित्रीबाईंचे मन अध्यात्माकडे अधिकाधिक वळले आणि रामकृष्ण मठाच्या सहवासात त्यांनी आश्रय शोधला. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला; तो भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला. ज्या भाषेत त्या जन्मल्या नाहीत, त्या भाषेतील संतांची ओळख त्यांनी इतरांना करून दिली.

२६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे देहावसान झाले. तोवर १७ वीरांना परमवीर चक्र प्रदान झाले होते. १९९९ च्या कारगिल युद्धात आणखी चार जणांची त्यांत भर पडली. एकंदर २१ जणांपैकी १४ जणांच्या वाट्याला ते मरणोत्तर आले. ते स्वीकारण्यास पुढे झाले ते त्यांचे आप्तजन.