सात वर्षे थांबलेली गॅलरी

परवा बडोद्याहून आत्याचा फोन आला होता. बोलता बोलता कमाटीबागेचा विषय निघाला आणि मला एकदम म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा आठवला. सुट्टीत बडोद्याला गेलो की आम्हा मुलांची धाव तिकडेच. सांगाडा, इजिप्तची ममी आणि मग बागेतली छोटी आगगाडी. चित्रांच्या दालनांतून मात्र आम्ही अक्षरशः पळत बाहेर पडायचो.

त्या दालनांची गोष्ट मला फार उशिरा कळली.

बाग १८७९ ची. म्युझियमची इमारत १८९४ साली पुरी झाली. चित्रांसाठी शेजारी वेगळी पिक्चर गॅलरी बांधायला घेतली ती १९०८ साली, आणि १९१४ मध्ये ती तयार झाली. युरोपीय चित्रे निवडायचे काम मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडे दिलेले. सगळे जमून आले आणि नेमके त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले! चित्रे तिकडेच अडकली. ती बडोद्याला पोचून गॅलरी लोकांसाठी उघडेपर्यंत १९२१ साल उजाडले. बांधून तयार असलेली इमारत सात वर्षे चित्रांची वाट बघत उभी होती.

एवढा खटाटोप कशासाठी? नुसती हौस असती तर लक्ष्मीविलास राजवाडा होताच की. तिथे राजा रविवर्म्याची चित्रे होतीही. पण ही चित्रे सयाजीराव महाराजांनी बागेत ठेवली, जिथे कोणीही फिरायला येते.

मला वाटते, याचे उत्तर कवळाण्यात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या त्या गावचा, शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव झाला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरओळख इतकी उशिरा झालेल्या या राजाने १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. चित्रे बघणे हेही त्यांना शिक्षणच वाटत असणार. आता बडोद्याच्या पोरांना युरोपची चित्रे कशाला, असे कोणी म्हणेल. पण बारा वर्षांच्या गोपाळला पुस्तके तरी कुठे आपली वाटली असतील?

असो. पुढच्या खेपेला भाचरांना घेऊन जाईन तेव्हा आधी देवमासा, हे काही टळणार नाही. पण नंतर चित्रांपाशी निदान दहा मिनिटे थांबायचे ठरवले आहे. त्यांच्यासाठी एक इमारत सात वर्षे थांबली होती, आपल्याला दहा मिनिटे जड नाहीत.