विजयदुर्गाचे व्रण

घोडेगावाजवळच्या शिनोलीसारख्या गांवीं राहणाऱ्यास दुर्ग म्हटला कीं प्रथम शिवनेरी आठवावा, हें स्वाभाविकच आहे. परंतु मराठ्यांच्या सत्तेचा एक पाय सह्याद्रीवर होता, तसा दुसरा समुद्रावर होता. २०२५ सालीं जागतिक वारसा म्हणून ज्या बारा दुर्गांना मान्यता मिळाली, त्यांत शिवनेरीबरोबर विजयदुर्गहि आहे. वाघोटणच्या खाडीच्या मुखाशीं असलेल्या या दुर्गाच्या समुद्राकडील तटांत तोफगोळ्यांनीं पडलेले खळगे अद्यापि दिसतात. प्रवासी ते कौतुकानें पाहतात. पण त्या व्रणांचा अर्थ लावावयाचा, तर दृष्टि तटावरून पाण्याकडे वळविली पाहिजे.

कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले. पुढें पुत्रांत कलह माजून त्यांचें आरमार दुभंगलें; मानाजी कुलाब्यास आणि संभाजी विजयदुर्गास, असे दोन सवते सुभे झाले. संभाजीमागून आलेला तुळाजी शूर खरा, पण पेशव्यांस जुमानीना. तेव्हां नानासाहेब पेशव्यांनीं १७५५ सालीं मुंबईकर इंग्रजांशीं करार केला. त्याच वर्षीं कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्यें ॲडमिरल वॉटसन आरमार घेऊन व क्लाइव्ह पायदळ घेऊन विजयदुर्गावर आले. १२ तारखेस भडिमार सुरू झाला. तुळाजीनें पूर्वीं इंग्रजांपासूनच हिरावलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजावर एक गोळा पडून आग लागली. ती पसरत जाऊन गुराबा आणि गलबतें यांचा सारा तांडा भस्म झाला. दुसऱ्या दिवशीं दुर्ग पडला. सुमारें १० लाखांची लूट इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतली. करारान्वयें दुर्ग पेशव्यांस मिळावयाचा. पण ऑक्टोबर १७५६ च्या तहानें बाणकोट पदरांत पक्कें पडल्यावरच त्यांनीं तो सोडला.

यावर कोणी म्हणेल कीं, मराठी आरमार त्या दिवशीं संपलें नाहीं. आणि तें खरें आहे. पुढें धुळपांनीं विजयदुर्गास पुन्हां आरमार उभें केलें, आणि एप्रिल १७८३ मध्यें आनंदराव धुळपांनीं इंग्रजांचें ‘रेंजर’ जहाज पकडलें. गिर्ये येथील खडकांत कोरलेली गोदी त्या उद्योगाची साक्ष आहे. परंतु तुळाजीस आवरणें आणि आरमार राखणें हीं दोन निराळीं कामें होतीं, आणि पहिलें साधण्यासाठीं दुसऱ्यावर परक्याचा हात चालूं दिला गेला. घरच्या उद्दाम माणसास शासन करण्याचा अधिकार पेशव्यांस होता. त्यासाठीं घरास आग लावणारा सोबती निवडण्याची चूक मात्र फार महाग पडली. किनाऱ्यावर इंग्रजांस खरा धाक घालणारी शक्ति त्या एका सायंकाळीं निम्म्याहून अधिक खचली. १८१८ सालीं विजयदुर्गहि इंग्रजांकडे गेला.

गोळ्यांचे खळगे चिऱ्यांत राहिले आणि तट उभाच आहे. जें खरोखर नष्ट झालें, त्याची खूण मात्र खाडीच्या पाण्यावर कोठेंहि उरलेली नाहीं. विजयदुर्ग पाहावयास जाणाऱ्यानें तटावरील व्रण अवश्य पाहावे. पण ते दाखवितांना मुलांस एवढें सांगावें कीं, हे गोळे परक्याचे असले, तरी त्यांस वाट करून देणारे आपणच होतों.