पडद्यावरचा इशारा: व्हिडिओ प्लेअरचे संदेश कसे वाचायचे?

ईदच्या सुट्टीत बहिणीकडे जुन्या डिस्कचा डबा निघाला. त्यात तिच्या निकाहची डीव्हीडी होती. मरहूम अब्बांचा आवाज जिच्यात आहे, अशी घरातली ती एकच वस्तू. डिस्क प्लेअरमध्ये घातली आणि पडद्यावर दोन शब्द आले: 'नो डिस्क'. भाचा लगेच म्हणाला, "मामू, डिस्क गेली. टाकून द्या."

डिस्क गेली नव्हती. शेजाऱ्यांच्या प्लेअरवर तीच डिस्क नीट चालली. दोष आमच्या प्लेअरच्या भिंगात होता. भाच्याचं ऐकलं असतं तर अब्बांचा आवाज कचऱ्यात गेला असता.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांतून शिकवतो. 'इशारा' हा शब्द दोन्हीकडे आहे, पण अर्थात फरक आहे. उर्दूत इशारा म्हणजे खूण. मराठीत बहुतेक वेळा धोक्याची सूचना. प्लेअरच्या पडद्यावर येणारे बहुतेक संदेश उर्दूतले इशारे असतात: दोष कुठे आहे ते बोट दाखवून सांगणारे. मराठी अर्थाचे, म्हणजे खरोखर जपून राहावं असे, थोडेच. हे दोन प्रकार वेगळे ओळखता यावेत म्हणून ही माहिती.

आधी डिस्क ओळखा

सगळ्या डिस्क दिसायला सारख्याच, आकारही १२ सेंटीमीटरचाच. पण आतली रचना वेगळी असते. व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटांचं चित्रण मावतं, म्हणून एका सिनेमाच्या दोन-तीन डिस्क असत. साध्या एका थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी, दोन थरांच्या डीव्हीडीची ८.५ जीबी. ब्लू-रे डिस्कच्या एका थरात २५ जीबी मावतात.

प्लेअर लेझरच्या किरणाने डिस्क वाचतो. व्हीसीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० चा लाल आणि ब्लू-रेसाठी ४०५ चा निळा-जांभळा किरण लागतो. म्हणून डीव्हीडी प्लेअरवर ब्लू-रे डिस्क कधीच चालणार नाही. ती खराब नसते, प्लेअरला ती वाचताच येत नाही. काही वेळा घरच्या प्लेअरवर व्हीसीडी चालते, पण एकही डीव्हीडी चालत नाही. अशा वेळी त्याचा डीव्हीडीचा लेझर कमजोर झाला असण्याची शक्यता मोठी.

'नो डिस्क', 'डिस्क एरर', 'कॅनॉट रीड'

तिन्हींचा अर्थ जवळपास एकच: मला वाचता येत नाही. दोष डिस्कचा की प्लेअरचा, हे त्यात सांगितलेलं नसतं. ते आपण शोधायचं.

त्याच प्रकारची दुसरी डिस्क लावून पाहा. तीही चालली नाही, तर प्लेअरकडे संशय. ती चालली, तर पहिल्या डिस्ककडे. मग पहिली डिस्क उलटी तर घातली नाही ना, बोटांचे डाग आहेत का, ते बघा. पुसताना मऊ, कोरडं सुती कापड घ्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. थिनर किंवा पेट्रोल लावू नका. डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्क उन्हात ठेवू नका, त्यातला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने बिघडतो.

घरच्या रेकॉर्डिंगच्या बाबतीत आणखी एक कारण असतं. डिस्क रेकॉर्डरवर किंवा छोट्या डिस्कच्या कॅमेऱ्यावर चित्रण केल्यानंतर 'फायनलाइज' करावं लागतं, म्हणजे डिस्क बंद करून तिची अनुक्रमणिका लिहावी लागते. ते राहिलं असेल, तर दुसऱ्या प्लेअरला डिस्क कोरी वाटू शकते. चित्रण मात्र आत असतं. शक्य असेल तर ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं, त्याच यंत्रावर फायनलाइज करा.

'राँग रीजन'

आखातात नोकरी केलेल्या घरांत हा संदेश हमखास दिसतो. सिनेमा कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले आहेत. भारताचा विभाग ५, सौदी अरेबिया आणि अमिरातीचा २, अमेरिकेचा १. तिकडून आणलेला प्लेअर फक्त विभाग २ चा असेल, तर भारतात विकत घेतलेली विभाग ५ ची डिस्क तो नाकारतो. डिस्कच्या पाकिटावर पृथ्वीच्या गोल चित्रात हा आकडा छापलेला असतो. तिथे 'ऑल' किंवा ० असेल, तर डिस्क कुठेही चालते. ब्लू-रेचे विभाग वेगळे आहेत: भारत सी, आखात बी, अमेरिका ए.

हा संदेश बिघाडाचा नाही, कंपनीने घातलेल्या बंधनाचा आहे. घरच्या निकाह-वलीम्याच्या डिस्कला विभाग नसतो. त्यामुळे ती चालत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधा.

पाल आणि एनटीएससी

चित्र वर-खाली फिरतं किंवा रंग उडून काळं-पांढरं दिसतं, तेव्हा बहुधा या दोन पद्धतींचा घोळ असतो. भारतात पाल पद्धत: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका आणि जपानमध्ये एनटीएससी: ५२५ रेषा, सेकंदाला सुमारे ३० चित्रं. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'टीव्ही सिस्टीम' शोधा आणि 'ऑटो' किंवा 'पाल' निवडा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी जुनी व्हिडिओ कॅसेट पाठवली असेल, तर मात्र एनटीएससी चालवणारा व्हीसीआरच लागेल.

काळं-पांढरं चित्र चुकीच्या वायरिंगमुळेही दिसतं. पिवळी वायर चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. पिवळी वायर चुकीच्या भोकात गेली की रंग जातात.

हाताचं किंवा काट मारलेल्या वर्तुळाचं चिन्ह

पुढे ढकलायचं बटण दाबलं की हे चिन्ह येतं. 'ही क्रिया इथे चालणार नाही' असं डिस्क सांगते. रिमोट बिघडलेला नाही. कंपनीची कायदेशीर पाटी पळवून पुढे जाता येऊ नये म्हणून डिस्क तयार करतानाच ही अट घातलेली असते.

त्या पाटीलाही अर्थ आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२-अ प्रमाणे बाजारात येणाऱ्या व्हिडिओ फिल्मवर सेन्सॉरचं प्रमाणपत्र, तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कदाराचं नाव-पत्ता दाखवावा लागतो. 'केवळ घरगुती वापरासाठी' म्हणजे ती डिस्क प्रवाशांच्या बसमध्ये किंवा तिकीट लावून दाखवायची नाही. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

'नो सिग्नल' आणि 'एचडीसीपी'

'नो सिग्नल' हे प्लेअर नाही, टीव्ही बोलतोय. त्याच्यापर्यंत चित्र पोहोचलेलं नाही. टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून बरोबर जागा निवडा, वायर पुन्हा घट्ट बसवा. चुकून 'पी-स्कॅन' सुरू झालं असेल, तरी पिवळ्या वायरवरचं चित्र जातं. ते बंद केलं की परत येतं.

'एचडीसीपी' म्हणजे प्लेअर आणि टीव्ही यांच्यातली कॉपीविरोधी ओळखपरेड. ती फसली तर चित्र येत नाही. दोन्ही बंद करा, एचडीएमआय वायर काढून परत लावा, मध्ये जोडणी-डबा असेल तर काढून थेट जोडा.

'अनसपोर्टेड फॉरमॅट'

पेन ड्राइव्ह लावल्यावर हा संदेश येतो. फाइलच्या नावाच्या शेवटी एमपी४ असलं, तरी आतलं चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने दाबून बसवले आहेत, ते वेगळं. त्या पद्धतीला 'कोडेक' म्हणतात. प्लेअरला तो कोडेक येत नसेल तर चित्र येत नाही. कधी चित्र येतं पण आवाज नाही, कारण आवाजाचा कोडेक वेगळा असतो. फाइल शाबूत असते, संगणकावर दुसऱ्या रूपात बदलून घेता येते.

आता खऱ्या धोक्याचे इशारे

'फॉरमॅट करायचं का?' किंवा 'इनिशिअलाइज?' असं विचारलं, तर उत्तर 'नो'. यंत्राला डिस्क किंवा पेन ड्राइव्ह वाचता आला नाही की ते हा प्रश्न विचारतं. प्रश्न साधा वाटतो, पण 'येस' म्हणजे आतलं सगळं पुसायला परवानगी. मुलांना हे एवढं तरी नक्की शिकवा.

व्हीसीआरवर 'ड्यू' किंवा थेंबाचं चिन्ह आलं, तर आतल्या फिरत्या ड्रमवर दव साचलंय. कोकणच्या पावसाळ्यात किंवा एसीच्या खोलीतून यंत्र बाहेर आणल्यावर असं होतं. कॅसेट घालू नका, फीत ओल्या ड्रमला चिकटून तुटू शकते. यंत्र चालू ठेवून दोनेक तास थांबा आणि चिन्ह गेल्यावरच कॅसेट लावा. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती मुळीच चालवू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या.

त्रिकोणातली वीज म्हणजे आत धोकादायक व्होल्टेज आहे. 'क्लास १ लेझर' म्हणजे झाकण बंद असताना किरण सुरक्षित. झाकण उघडून चालू यंत्रात डोकावणं डोळ्यांना घातक ठरू शकतं. व्हीसीडीचा किरण तर डोळ्यांना जवळजवळ दिसतही नाही.

उशीर करू नका

व्हीएचएस १९७६ साली जपानमध्ये बाजारात आली आणि २०१६ च्या जुलैमध्ये फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआरचं उत्पादन थांबवलं. तिच्यानंतर ते बनवणारं कुणी उरलं नाही. म्हणजे कॅसेट टिकली, तरी ती चालवणारं यंत्र दरवर्षी दुर्मीळ होणार. कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची चकती तोडून ठेवा, म्हणजे तिच्यावर चुकून रेकॉर्डिंग होणार नाही. मग निकाहच्या, नाना-नानींच्या कॅसेट आणि डिस्क संगणकावर उतरवून घ्या आणि दोन वेगळ्या घरांत एकेक प्रत ठेवा.

आम्ही तेच केलं. एक प्रत बहिणीकडे आहे, एक माझ्याकडे. भाच्याने डब्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: 'फॉरमॅट विचारलं तर नो.'