सेझिनकोट: इंग्लंडातल्या वाड्यावरचा मुघली घुमट

ग्वाल्हेरजवळचं सालबाई गाव आपल्या मंडळींना नवं नाही. १७८२ साली तिथे झालेल्या तहाने पहिलं इंग्रज-मराठा युद्ध थांबलं. त्या वेळी कंपनीचा गव्हर्नर-जनरल होता वॉरन हेस्टिंग्ज. मायदेशी गेल्यावर त्याने डेल्सफर्ड इथली वाडवडिलांची जमीन परत विकत घेतली आणि सॅम्युअल पेपिस कॉकरेल या वास्तुविशारदाकडून घर बांधून घेतलं. याच कॉकरेलने तिथून काही मैलांवर, ग्लॉस्टरशायरमध्ये, आपल्या भावासाठी १८०५ च्या सुमारास सेझिनकोटचं काम हाती घेतलं. भाऊ चार्ल्स कॉकरेल बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत होता, पैसा तिथलाच.

घर बाहेरून बघाल तर चक्रावून जाल. मधोमध तांब्याचा कांद्यासारखा घुमट, आता हिरवा पडलेला. कोपऱ्यांवर छत्र्या, भिंतीभर रुंद छज्जा, महिरपी खिडक्या. आत पाऊल टाकलं की मात्र सगळा त्या काळचा इंग्रजी थाट. भारत फक्त बाहेरच्या अंगाला.

नक्षीचा तपशील चुकलेला नाही, कारण सल्लागार होता चित्रकार थॉमस डॅनियल. पुतण्या विल्यमला घेऊन तो वर्षानुवर्षं हिंदुस्थानभर इमारती रेखाटत हिंडला होता.

माझ्यातला इंजिनिअर अडतो तो छज्ज्यापाशी. आपल्याकडे छज्जा दोन कामं करतो: डोक्यावरचं ऊन अडवतो आणि पावसाचं पाणी भिंतीपासून लांब टाकतो. ग्वाल्हेरला जूनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ८७ अंशांवर असतो, त्यामुळे हात-दोन हात छज्ज्यानेही भिंत सावलीत येते. सेझिनकोट साधारण ५२ अक्षांशावर. तिथे जूनमध्येसुद्धा सूर्य ६१-६२ अंशांच्या वर जात नाही, आणि डिसेंबरात तर जेमतेम १५ अंश. म्हणजे हिवाळ्यात ऊन छज्ज्याखालून थेट आत येणार, आणि त्या थंडीत ते हवंच असतं! पाण्याचं काम छज्जा तिथेही करेल, पण उन्हासाठी त्याची गरजच नव्हती. तो लावला तो दिसण्यासाठी.

बागेतही तेच. पुलावर नंदी, वरच्या कुंडाशी सूर्याचं देऊळ. ना पूजा, ना पुजारी.

याला काही जण भारतीय कलेचा गौरव म्हणतात. डॅनियलपुरतं ते मला मान्य आहे, त्याचा अभ्यास खरा होता. पण मालकाच्या बाबतीत मला ही हिंदुस्थानातल्या कमाईची मिरवणूक वाटते. तिची भुरळ मात्र जबर पडली. १८०७ मध्ये खुद्द युवराज हे घर बघून गेला आणि पुढे जॉन नॅशने त्याच्यासाठी ब्रायटनचा घुमटांचा महाल उभा केला.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत. कुणी गेलात तर घुमटाचा फोटो काढाच, पण जरा छज्ज्याखाली उभं राहून ऊन कुठवर येतं तेही बघा.